डाव्या कुशीवर

१० नोव्हेंबर, रुआबांधा

आलो बाप्पा एकदाचे भिलाईले! तुमसरहून निघताना सासूबाईनं टेम्पोत एवढं सामान कोंबलं की ड्रायव्हरच विचारते, तुम्ही कुठं बसान म्हणे. मी मागे गादीच्या वळकटीवर बसून आलो. निशा अन् आमची पोरगी खुशबू पुढे केबिनमध्ये मजेत. पोट्टी सहा वर्षांची आहे, पण रस्ताभर त्या ड्रायव्हरले गाडी चालवायले शिकवून राहिली होती.

घर झकास आहे. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, समोर मोठी गच्ची. खाली घरमालक भैय्याजी एकटे राहतात. स्टील प्लांटच्या ऑफिसात क्लार्क होते, मूळचे आर्वीचे. आमचं मराठी ऐकून असे खुश झाले की सामान उतरायच्या आधीच पोहे आले. निशानं सगळ्यात आधी बाबासाहेबांचा फोटो काढला, तर भैय्याजी स्वतः खिळा ठोकायले वर चढले अन् स्वतःच्याच बोटावर हातोडी मारून घेतली. खुशबू एवढी हसली की निशानं तिले चिमटा काढला.

उद्यापासून खुर्सीपारले भूपेंद्र साहूच्या मेडिकलमध्ये फार्मासिस्ट म्हणून उभा राहणार. निशा म्हणते, आता तरी हे रोजनिशीचं खूळ सोडा. मी म्हटलं, घरात मले बोलू देते कोण? म्हणून लिहितो.

२६ नोव्हेंबर

दुकान जमलं. भूपेंद्र छत्तीसगढीत बोलते, मी मराठीत, गिऱ्हाईक हिंदीत, अन् औषध बरोबर जाते. ठेकेदाराकडचे कामगार शिफ्ट सुटली की थेट काउंटरवर येतात, पोटात अन्नाचा कण नसते. म्हणून माहा एक नेम आहे, गोळी कोणतीही असो, सोबत गॅसची गोळी द्यायची. डॉक्टरच्या पर्चीत असो की नसो. तुमसरले माह्या जुन्या मालकानं लावलेली सवय. भूपेंद्रले लई आवडली. आता लोक विचारत येतात, वो गैस वाले भैया हैं क्या. मी स्वतःही रोज एक घेतो. पोट थंड तर डोकं थंड, असं निशाले म्हटलं, तर म्हणे डोक्यासाठी दुसरी काहीतरी गोळी पाहा.

१७ डिसेंबर

खोकला आहे. आज बेसिनमध्ये थुंकलो तर लाल. थोडंच, पण लाल.

चोविसाव्या वर्षी मले टीबी झाला होता. पूर्ण कोर्स केला, एक दिवस चुकवला नाही, बरा झालो. डाव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाले एक पोकळी तेवढी राहिली. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले होते, राहू द्या, काही करत नाही.

आता सगळेच म्हणून राहिले, टीबी उलटला. भैय्याजी म्हणे, भूपेंद्र म्हणे, मी तर आधीच म्हणून बसलो. भूपेंद्र म्हणे, कोर्स तर तुमले पाठ आहे, आपल्याच फळीवरून गोळ्या काढा अन् चालू करा. मी काढल्याही होत्या. निशानं त्या हातातून हिसकल्या अन् म्हणाली, छातीच्या डॉक्टरले दाखवल्याशिवाय एक गोळी गिळाल तर मी खुशबूले घेऊन तुमसरले जाईन. या बाईपुढे कोणाचं चालते?

२ जानेवारी

दुर्गच्या गीतांजली मॅडम. छातीच्या डॉक्टर, वयानं माह्यापेक्षा लहान, पण नजर अशी की खोटं बोलायची हिंमत होत नाही. बेडका तपासला, टीबी निघाला नाही. मंग रक्त घेतलं अन् छातीचा सीटी स्कॅन केला. आधी उताणा, मंग पालथा. पालथं कावून, ते आज कळलं.

त्यायनं स्क्रीनवर दोन फोटो दाखवले. डावीकडे वर ती जुनी पोकळी, अन् तिच्यात लिंबाएवढा एक गोळा. उताण्या फोटोत पाठीकडे टेकलेला, पालथ्या फोटोत छातीकडे आलेला. म्हणजे तो कशालेच चिकटलेला नाही. मी वळलो की तो वळते.

बुरशी आहे म्हणे. शिळ्या भाकरीवर येते तशाच खानदानातली. रक्ताच्या तपासणीतही तिचीच खूण आली. तिची धूळ हवेत सगळीकडे असते, आपण सगळेच रोज श्वासात ओढतो, धडधाकट फुप्फुस ती झाडून टाकते. मॅडम म्हणाल्या, तुमच्याकडे टीबीनं एक खोली रिकामी करून ठेवली होती, तिथं ती राहायले आली. मी घाबरून विचारलं, माह्या पोरीले लागन काय? नाही म्हणाल्या, माणसाकडून माणसाले लागत नाही.

गोळा आहे तेवढा भाग कापून काढणं हा खरा इलाज. पण आजूबाजूची भिंतही खराब झाली आहे, म्हणून आधी काही महिने बुरशीची कॅप्सूल घ्यायची, ते आवरलं की रायपूरचे सर्जन ऑपरेशन करतील. वेळ गेला तर पोकळीजवळची रक्ताची मोठी नळी फुटू शकते, हेही सांगतलं. निशा तिथंच रडली. बसमध्ये तिले हसवायले मी म्हटलं, आपण भैय्याजीचे भाडेकरू अन् हा आपला भाडेकरू, फरक एवढाच की हा खिळा ठोकायले वर येत नाही. हसली नाही.

२१ जानेवारी

सकाळी उठल्याबरोबर गॅसची गोळी, मंग पोटभर जेवण, मंग कॅप्सूल. रात्री पुन्हा तेच. माह्यासारखा शिस्तीचा पेशंट मॅडमनं पाहिला नसन.

एक गोष्ट निशाले सांगतली नाही. कूस बदलताना मले तो जाणवते. आत काहीतरी सावकाश घरंगळते अन् थांबते. मॅडम म्हणतात, फुप्फुसाले असं काही कळत नाही, तुमच्या मनाचे खेळ आहेत. असन. पण मी वळतो, अन् एक क्षणानं तो वळते. आज मुद्दाम पाच-सहा वेळा वळून पाहिलं. प्रत्येक वेळी माह्या मागून.

२५ फेब्रुवारी

कॅप्सूल काही करून नाही राहिली. पँट कमरेवर राहत नाही. आज दुकानात काउंटरवरच रक्त आलं, अर्धा कप भरन एवढं. गिऱ्हाईक पळालं. भूपेंद्रनं शटर अर्धं खाली ओढलं अन् मले पाणी दिलं. चांगला माणूस आहे.

मॅडमनं नवीन रक्त घेतलं. औषध रक्तात किती उतरलं ते पाहायचं म्हणे.

६ मार्च

हे लिहू कसं?

रक्तात औषध नाही. जवळजवळ नाहीच. मॅडमनं आधी मले विचारलं, गोळ्या चुकवता का? मी भडकलो. म्हटलं मी फार्मासिस्ट आहे, मले काय समजून राहिल्या तुम्ही! अन् छाती काढून सगळा क्रम सांगतला, गॅसची गोळी, जेवण, कॅप्सूल. त्यायनं पेन खाली ठेवला.

या कॅप्सूलले पोटातलं ॲसिड लागते. ॲसिडातच ती विरघळते. मी दोन महिने रोज ॲसिड बंद करत होतो अन् वरून कॅप्सूल टाकत होतो. आली तशी गेली. तो आत बसून वाढत राहिला, अन् दार मीच लावून घेतलं होतं. हे मी शिकलेलो आहे! परीक्षेत लिहिलं आहे! पण गॅसच्या गोळीले मी औषध समजतच नव्हतो, चहात साखर टाकावी तशी टाकत होतो. त्यायनं चिठ्ठी लिहिताना विचारलं होतं, दुसरं काही औषध चालू आहे का? मी नाही म्हटलं होतं. खरंच नाही वाटलं होतं.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. घरी येऊन गॅसच्या गोळ्यांची सगळी पाकिटं गच्चीवरून फेकली. भैय्याजीनं अंगणातून गोळा करून पिशवीत भरून जिन्यात ठेवली.

१८ मार्च

नवीन गोळी. जास्त जोरदार, उपाशीपोटी घ्यायची. मॅडमनं आधीच सांगतलं होतं की डोळ्यांपुढे रंग दिसतील, उन्हानं कातडी जळन, घाबरू नका, पण जास्त काही दिसलं तर लगेच सांगा, डोस कमी करावा लागन.

रंग दिसतात. गोळी घेतली की ट्यूबलाइटभोवती हिरवा-जांभळा घेर येते. खुशबूले सांगतलं तर म्हणे, बाबा मुझे भी एक गोली दो ना. आज घरात बऱ्याच दिवसांनी हसलो सगळे.

५ एप्रिल

रायपूरहून परत. पुन्हा मोठं रक्त आलं होतं. मांडीतून तार घालून गळणारी नळी आतून बंद केली. सर्जनही भेटले. हे जोडकाम आहे म्हणाले, थोडे दिवस टिकन. तेवढ्यात गोळीनं बुरशी दबली, वजन धरलं, तर मेच्या शेवटी ऑपरेशन. खोली काढूनच टाकतील. मंग मी मोकळा.

नियम दोन. बोलणं कमी, बोललं की खोकला येते, खोकल्यानं जोड सुटू शकते. अन् झोपायचं डाव्या कुशीवर. रक्त सुटलं तर काहीही झालं तरी उजवीकडे वळायचं नाही, नाहीतर ते चांगल्या फुप्फुसात उतरन अन् माणूस आतल्या आत बुडन. निशानं ते माह्याकडून दोनदा म्हणून घेतलं. आता काही पाहिजे असलं की मी याच वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवतो.

१४ एप्रिल

जयंती. खुर्सीपारहून मिरवणूक निघाली. मले उन्हात जाणं मना आहे, हातांची कातडी आधीच सोलून निघाली आहे. चादर पांघरून गच्चीच्या दारात बसलो. निशा अन् खुशबू पांढऱ्या कपड्यात तयार होऊन पुढ्यात उभ्या राहिल्या, कशा दिसतो म्हणून विचारायले.

निशाच्या भुवयांवर पांढरं होतं. मले वाटलं पावडर. मंग ते हललं. बारीक तंतू, भाकरीवर येतात तसे, भुवईतून गालावर उतरून राहिले होते. रस्त्यानं जाणारी माणसं पाहिली तर सगळ्यांच्या तोंडावर तेच. जयभीम म्हणायले तोंड उघडलं की आतून करडी धूळ उडे. लहान-लहान पोट्टे एकमेकांच्या धुळीतून पळून राहिले होते.

मी डोळे मिटून घेतले. निशाले वाटलं मी भावनेनं रडून राहिलो. माहे खांदे दाबले अन् गेली.

२० एप्रिल

मॅडमनं विचारलं, काही वेगळं दिसते काय? मी मान हलवली. नाही.

खोटं बोललो. कावून बोललो ते लिहून ठेवतो. सांगतलं तर डोस कमी करतील. एकदा अर्धवट औषधावर दोन महिने घालवले, त्याले रान मोकळं दिलं. आता एक मिलिग्रॅम कमी करू देणार नाही. दिसू दे काय दिसायचं ते. मे संपेपर्यंत दात-ओठ आवळून काढायचं, मंग पोरीले आयुष्यभर पाहायचंच आहे.

औषध रक्तात जास्त तर नाही झालं, ते पाहायले रक्त द्यायले सांगतलं आहे. पुढच्या आठवड्यात देतो म्हणून लिहून दाखवलं.

२ मे

माह्या हातून काय झालं.

खुशबू दुपारी जवळ येऊन बसली, शाळेतलं काहीतरी सांगायले. हसली अन् तिच्या तोंडाच्या कोपऱ्यातून ते बाहेर आलं. पांढरं, ओलं, नाकाकडे चढून राहिलं होतं. मले माहीत होतं गोळीचं आहे. माहीत होतं! तरी हात थांबले नाहीत. तिचं डोकं धरलं अन् चादरीनं तोंड पुसलं. निघेना. मंग नखानं. ती ओरडून राहिली अन् मी पुसून राहिलो. निशानं धावत येऊन तिले ओढून घेतलं.

गालावर ओरखडे आहेत. माह्या नखांचे. निशानं विचारलं कावून, तर मी वहीवर लिहिलं, घाण लागली होती. निशानं ते पोरीसमोरच मोठ्यानं वाचलं. ती माह्याकडे असं पाहून राहिली की जशी मले ओळखतच नाही.

३ मे

निशाकडून खाट भिंतीले लावून घेतली. डाव्या कुशीवर झोपलं की तोंड भिंतीकडे येते. खोलीकडे पाठ. तिले लिहून दिलं, उजेड सहन होत नाही. आता कोणाचंच तोंड दिसणार नाही. पोरीले माह्या हातांपासून एवढंच वाचवू शकतो.

९ मे

गर्मी. कूलर घरघरते. भिंतीवरही यायले लागलं आहे. चुन्यातून. मी पाहतो तिथं सरकते. डोळे मिटले की आत.

रक्त दिलं नाही अजून. मॅडमचा दोनदा फोन. निशाले म्हटलं, म्हणजे लिहिलं, उद्या.

१३ मे

खुशबू मागे येऊन उभी राहते. पाठीवर बोट टेकवते. बाबा, इधर देखो ना. मी भिंतीकडे. मंग ती जाते. तिचे पाय वाजतात जाताना. छातीत काहीतरी तुटते, अन् ते बुरशीनं नाही.

निशा म्हणे, पोरीनं असं काय केलं तुमचं? काय लिहू. कसं लिहू.

१७ मे

सर्जनचा निरोप. सोमवारी भरती व्हा. सोमवारी! चार घास जास्त खाल्ले. तो आत हलते, पण हलू दे लेकाचा. सोमवारी तू बाहेर.

निशाले आज सगळं लिहून दाखवलं. काय दिसते ते. खोटं बोललो तेही. ती माह्या पाठीले डोकं लावून रडली, मंग चिडली, मंग मॅडमले फोन केला. उद्यापासून डोस कमी. चारपाच दिवसांत दिसायचं बंद होईन म्हणाल्या. म्हणजे ऑपरेशननंतर शुद्धीवर आलो की पोरगी दिसन. तिचंच तोंड.

१८ मे

दिसते अजून. कमी आहे पण. भिंतीचा खालचा भाग आज साफ दिसला. खरा चुना.

१९ मे

सकाळी खोकला. गुलाबी. निशाले दाखवलं नाही — दाखवायले पाहिजे होतं —

दुपार

सुटलं. बादली अर्धी. निशानं डाव्या कुशीवर दाबून धरलं. ॲम्ब्युलन्सले फोन केला. भैय्याजी चौकात उभे आहेत गाडीले रस्ता दाखवायले. निशा खाली गेली, स्ट्रेचर वर कसं येईन ते पाहायले. दोन मिनिटं म्हणे. वळू नका म्हणे. शप्पथ घातली.

बोलता येत नाही. तोंड भरलं आहे. लिहितो म्हणजे जागा राहतो.

गरम. उशी ओली. तो बाहेर यायले पाहते —

खुशबू आली. मागे उभी आहे. जा म्हणायचं आहे. आवाज नाही. लिहिलं, खाली आईकडे जा, अन् वही मागे धरली. तिनं अक्षर-अक्षर लावून वाचलं. गेली नाही.

म्हणते तोंड धुऊन आली. साबण लावून. रोज धुते म्हणते, तुम्हारे लिए. घाण नाही आता म्हणते. एक बार देख लो ना बाबा —

रोज धुवत होती. पोरगी रोज —

गाडीचा भोंगा. लांब आहे. का जवळ.

वळायचं नाही. सोमवार. सोमवारी पाहीन —

पाठीवर बोट. रडून राहिली. मीच घाण आहे काय म्हणते —

नाही गं. नाही माह्या सोन्या. नाही —

हाताले येत नाही लिहायले — एवढंच तर — मान फक्त — मी इकडे —